तळटीप : इमॅन्सिपेशन
इमॅन्सिपेशन – मूळ लॅटिन. ‘मानुस’ म्हणजे हात. वस्तू हातात धरून ताब्यात घेणे हा रोमन मालकीहक्काचा विधी, त्यातून सुटका ती ही. गंमत अशी, की रोममध्ये हा शब्द गुलामांचा नव्हताच. बापाच्या कायदेशीर सत्तेतून मोकळ्या होणाऱ्या मुलाचा होता. गुलाम सुटे, ते ‘मॅन्युमिशन’. गुलामांच्या संदर्भात ‘इमॅन्सिपेशन’ हा शब्द सर्वतोमुखी झाला लिंकनच्या १ जानेवारी १८६३च्या जाहीरनाम्याने, तो जाहीरनामाही बंडखोर प्रदेशांपुरता. अमेरिकाभर गुलामगिरीवर बंदी आली १८६५च्या घटनादुरुस्तीने. जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिका अमेरिकेत याच कार्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना उद्देशून आहे. ‘मुक्ती’ म्हटले की आपला वाचक परलोकाकडे पाहू लागतो, म्हणून येथे ‘दास्यविमोचन’ योजले आहे. शब्द जड आहे खरा. – संपा.