हिरवी टेस्ट कोणाच्या भरवशावर?

एकाच सॉफ्टवेअरच्या टेस्ट दिवसातून शंभरदा चालतात. दर वेळी तेच काम पहिल्यापासून कशाला करायचं? आधीचं उत्तर तात्पुरत्या जागी ठेवायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. ही सामायिक कॅश. (नोटांची नव्हे. आईला अजून तसंच वाटतं.)

पण ठेवलेलं उत्तर शिळं झालंय हे ओळखायचं कसं? हा प्रश्न कॅशपेक्षा जुना आहे. १९७६ साली बेल लॅब्समध्ये, 'यॅक' लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन अख्खी सकाळ एक बरोबर असलेला प्रोग्रॅम तपासत बसले. चूक आधीच सुधारली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झाली नव्हती! ते तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले आणि त्यातून 'मेक' जन्मलं. मेक फाइलची वेळ बघतं: मूळ फाइल नवी असेल तर पुन्हा बनवा. एका मशीनवर हे चालून जातं. पण दोन मशीनची घड्याळं वेगळी असली, किंवा कंपायलरच बदलला, तर मेकला पत्ता लागत नाही.

२००२ मध्ये 'सांबा'वाले अँड्र्यू ट्रिजेल यांनी 'सीकॅश' लिहिलं. मूळ कल्पना एरिक थीले यांच्या 'कंपायलरकॅश'ची. इथे मूळ फाइलची वेळ नाही, मजकूर बघतात. प्रीप्रोसेस केलेला कोड, कंपायलरचे पर्याय आणि खुद्द कंपायलरची ओळख, या सगळ्यांचा मिळून एक हॅश. तीच किल्ली. माझ्या मते खरी उडी ही. किल्ली जुळली की उत्तर कोणी बनवलं याला महत्त्व उरत नाही, म्हणून वाटून घेता येतं. शिवाय फाइल आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहून मग नाव बदलतात, त्यामुळे शेजारच्या टेस्टच्या हाती अर्धवट फाइल लागत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये 'गो' १.१० ने पुढचं पाऊल टाकलं: टेस्टचा निकालच साठवला. फक्त पास झालेला, नापास नाही. टेस्टने वाचलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि आपल्या कोडच्या झाडातल्या फाइलीही किल्लीत धरल्या. मात्र टेस्ट नेटवर्कवरून डेटाबेसला काही विचारत असेल, तर ते किल्लीत येत नाही. डेटाबेस बंद पडला तरी 'ओके' छापून येतं, वेळेच्या जागी 'कॅश्ड' एवढाच शब्द. तो शब्द नजरेतून सुटला की संपलं. अशा वेळी टेस्ट खरोखर चालवायला 'काउंट' १ असं सांगतात. टेस्ट किती वेळा चालवायची ते सांगणारा हा जुनाच पर्याय. तो स्पष्ट दिला की गो साठवलेला निकाल वापरत नाही.