दोन बाटल्यांचे औषध

अजिंठ्याची चित्रे रंगवणारे हात आपण आठवतो. त्यांच्या नकला उतरवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलला कोणी फारसे आठवीत नाही. १८४४ पासून वर्षानुवर्षे त्याने तिथे तैलचित्रे रंगवली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेली त्यांतली बहुतेक १८६६ च्या आगीत जळाली. पण गिलने कॅमेराही हाती धरला होता. लेण्यांची त्याची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ग्रंथरूपाने निघाली होती, ती वाचली.

त्या काळी छायाचित्रकार काचेवर ओला लेप देत आणि तो सुकण्याआत हिराकशीच्या पाण्याने चित्र उमटवीत. औषध ज्याचे त्याने कालवायचे!

इथे छत्रपती संभाजीनगरात मास्तरकी सांभाळून मीही कृष्णधवल फिल्मचे औषध घरीच कालवतो. पहिल्या बाटलीत लिटरभर पाण्यात साडेसात ग्रॅम मेटॉल आणि शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट. दुसरीत लिटरला दहा ग्रॅम टाकणखार, सोनाराकडे असतो तोच. पहिल्यात चित्र उमटू लागते आणि फिल्म औषध पिऊन घेते. दुसऱ्यातला क्षार त्या औषधाला जोर देतो. उन्हाच्या जागी ते चटकन संपते, सावलीत मात्र काम करीत राहते. म्हणून वेरूळच्या कैलासाचे भर दुपारचे ऊन आणि ओवरीतला काळोख, दोन्ही एका फिल्मवर नांदतात.

अशा एका फिल्मवरून हव्या तितक्या प्रती निघतात. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरच्यांचा फोटो काढाल, त्याची एक प्रत दुसऱ्या घरीही ठेवा. गिलची तैलचित्रे एकाच छपराखाली होती.