एक नदी, दोन नियमावल्या : मावळातली पूररेषा आणि पार्किंग

मावळावरचं व्याख्यान म्हटलं की लोहगड-विसापूर, तुंग-तिकोना, नाहीतर कार्ले-भाजे अशी अपेक्षा असते. आज आपण डोंगरावर चढणार नाही. खाली इंद्रायणीच्या खोऱ्यात थांबणार आहोत आणि दोन अगदी रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींचा इतिहास पाहणार आहोत. एक म्हणजे नदीची पूररेषा आणि दुसरी म्हणजे गाड्यांचं पार्किंग. या दोन गोष्टी दोन वेगळ्या खात्यांच्या कागदांवर वाढल्या. पण लोणावळा आणि मावळात त्या एकाच जमिनीवर, एकाच महिन्यात समोरासमोर येतात. आजचं सगळं सांगणं एवढ्याचंच आहे.

सुरुवात पावसापासून करू. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला साठेक किलोमीटरवर पुण्यात तो ७०० ते ७५० मिलीमीटरवर येतो. म्हणजे इंद्रायणीत येणारं बरंचसं पाणी वरच्या टोकाला पडतं आणि ते कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी असं करत पुढे तुळापूरला भीमेला मिळतं. वर पडलेला पाऊस खाली न पडलेल्या पावसाचा पूर घेऊन येतो. देहूच्या माणसाला आकाश कोरडं दिसतं आणि घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या असतात.

या पाण्याशी मावळानं शेकडो वर्षं जुळवून घेतलं ते भातखाचरांनी. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला सपाट तुकडा. एक हेक्टर खाचरात फक्त १५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तरी ते १५०० घनमीटर होतं, म्हणजे १५ लाख लिटर. अशी शेकडो हेक्टर खाचरं नदीच्या दोन्ही काठांनी होती. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये जी भाताची जात आली, तिचं नावच ‘इंद्रायणी’. पूरक्षेत्र हा शब्द कागदावर येण्याच्या कितीतरी आधी या लोकांना ते माहीत होतं. त्यांनी पुराच्या जागेत घर बांधलं नाही, पीक घेतलं. आणि पीकही असं, की ज्याला पाणी चालतं.

आता लोणावळ्याकडे येऊ. आजचं लोणावळा हे रेल्वेचं अपत्य. पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. भुशीचं धरणसुद्धा पर्यटनासाठी नव्हे, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलेलं. नगरपालिका आली १८७७ मध्ये. पुढे टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तळी झाली, आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईला जाऊ लागली. हे पाणी पूर्वेला वाहायचं ते पश्चिमेला, घाटाखाली वळवलं गेलं. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. वरचं पाणी पश्चिमेला गेल्यानं लोणावळ्यातली इंद्रायणी वर्षातले बरेच महिने ओढ्याएवढी दिसते. तळी तुडुंब भरली आणि पाणी सांडव्यावरून सुटलं, की मग ती आपली खरी रुंदी दाखवते. एरवी ओढा दिसणाऱ्या नदीच्या काठाला भराव टाकायला माणसाला संकोच वाटत नाही.

रेल्वेच्या त्या लोणावळ्यात पार्किंगचा प्रश्नच नव्हता. माणूस स्टेशनवर उतरायचा, टांगा करायचा नाहीतर चालत जायचा. चित्र बदललं ते गाडीनं, आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर ते फारच वेगानं बदललं. मुक्कामी येणारा पाहुणा सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पाहुणा झाला. त्याला खोली नाही मिळाली तरी चालते, पण गाडी लावायला जागा लागते.

आता नियमांचा इतिहास. पुराच्या जागेत काय बांधू द्यावं, यासाठी केंद्र सरकारनं १९७५ मध्ये राज्यांना एक नमुना कायदा पाठवला. मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला. महाराष्ट्रानं वेगळा कायदा न करता पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकाची वाट धरली. १९८९ च्या परिपत्रकातून आपल्याला निळी रेषा आणि लाल रेषा मिळाली. ढोबळ मानानं, २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचतो ती लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आज येऊन गेला की पुढची २४ वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी ४ टक्के शक्यता, असा तो अर्थ आहे. ३० वर्षांचा हिशेब धरला तर असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेच्या पुराचीही तेवढ्याच काळात २६ टक्के निघते. म्हणजे घराचं कर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेचा पूर न पाहणं हाच अपवाद.

दुसरीकडे पार्किंगचा नियम कुठून आला? इमारत बांधायची तर अमुक गाड्यांची जागा दिलीच पाहिजे, ही सक्ती अमेरिकेतल्या कोलंबस शहरात १९२३ मध्ये निवासी इमारतींसाठी आली आणि तिथून जगभर पसरली. डोनाल्ड शूप या अभ्यासकानं २००५ मध्ये या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की फुकट दिसणारं पार्किंग फुकट नसतं, त्याची किंमत जमीन आणि घर भरत असतात. मावळात आपण त्यात एक नाव वाढवू शकतो. ती किंमत नदीही भरते.

आपल्याकडे एका मोटारीची जागा धरतात २.५ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गाडी वळवायची वाट धरली तर साधारण दुप्पट. म्हणजे १०० गाड्यांना अडीच हजार चौरस मीटर, जवळपास २५ गुंठे. आता खोऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला मनाई, आणि ती योग्यच आहे. माळीण आपण विसरलेलो नाही, ३० जुलै २०१४ ची सकाळ. खाली सपाटीवर रेल्वे, जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग, गावठाणं आणि नदी, सगळी एका अरुंद पट्ट्यात. मग हे २५ गुंठे सपाट, मोकळे आणि त्यातल्या त्यात स्वस्त कुठे मिळणार? नदीकाठी. हे कुणाचं कारस्थान नाही. हा भूगोल आहे.

आणि नियमानं त्याला दार उघडं ठेवलं. २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. पण अपवादांची यादी आहे, आणि त्या यादीत पहिलंच नाव आहे पार्किंग. पुढे भाजी मंडई, बाग, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र वगैरे. शिवाय भूखंडाचा काही भाग पूररेषेत गेला तर त्याचा एफएसआय उरलेल्या भागावर वापरायची मुभा आहे. निळी ते लाल या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीडेक फूट उंचीवर बांधकाम चालतं.

यातला प्रत्येक नियम सुटा पाहिला तर शहाणपणाचा आहे. घर वाहून जाण्यापेक्षा रिकामी जागा बुडालेली बरी, हे कोण नाकारेल? एफएसआय वर ढकलला तर बांधकाम नदीपासून दूर जातं, हेही खरंच. पण तिन्ही नियम एका भूखंडावर एकत्र वाचा. नदीकाठची जागा पार्किंगला, तिचा एफएसआय वरच्या इमारतीला, आणि त्या इमारतीला जेवढं पार्किंग सक्तीचं तेवढं पुन्हा नदीकाठी. जी जागा नदीसाठी राखून ठेवली म्हणून आपण खूश होतो, ती हिशेबाच्या वहीत इमारतीच्या नावावर जमा झालेली असते.

यावर कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? गाड्या काय, पूर आला की काढून घेता येतात. पुण्यात मुठेच्या पात्रात हेच चालतं. खडकवासल्यातून पाणी सुटणार म्हटलं की नदीपात्रातली वाहनं काढण्याच्या सूचना सुरू होतात. मुद्दा बरोबर आहे, पण तो मावळात लागू पडत नाही, आणि आमच्या मते या सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. पुण्यात गाड्यांची गर्दी बारा महिने सारखी. लोणावळ्यात गर्दीचा हंगाम म्हणजेच पावसाचा हंगाम. लोक पाऊस बघायलाच येतात. जुलै-ऑगस्टच्या ज्या शनिवार-रविवारी धो धो पाऊस, त्याच दिवशी सर्वांत जास्त गाड्या. नदीला जागा हवी त्याच दिवशी गाडीलाही तीच जागा हवी. वर्षातून सगळ्यात गरजेच्या वेळी जे वापरता येणार नाही, त्याला पार्किंग म्हणून मोजायचं का?

मग प्रत्यक्षात काय होतं? जागा चिखलाची म्हणून मुरूम टाकला जातो. मग पाणी येतं म्हणून भराव उंचावतो. मग भराव वाहतो म्हणून संरक्षक भिंत येते. प्रत्येक पायरी सुधारणेसारखी दिसते. पण त्या २५ गुंठ्यांवर एक मीटर भराव म्हणजे २५ लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारच्या खाचरात जातं, नाहीतर खालच्या गावात.

आता मथळ्यातल्या दोन नियमावल्यांकडे. २०२० ची ती नियमावली राज्यभर लागू म्हणतात, पण तिच्या शीर्षकातच काही अपवाद लिहिलेले आहेत. मुंबई महापालिका आहे, गिरिस्थान नगरपरिषदा आहेत, आणि नाव घेऊन एक नगरपरिषद आहे, ती म्हणजे लोणावळा. उलट कार्ला, कामशेतसारखी मावळातली गावं येतात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, म्हणजे २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएत, आणि तिथे हीच नियमावली चालते. म्हणजे नदी एक, पाऊस एक, शनिवार-रविवारची गाडीही एक, पण हद्दीच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा. लोणावळ्याला वेगळं ठेवण्यामागे तिथलं डोंगरी, नाजूक रूप जपावं हा विचार रास्त असेल. पण शहरात जागा आखडली की मागणी वेशीबाहेरच्या शेतावर जाते. आणि वेशीबाहेर शेत म्हणजे बहुतेक वेळा भाताचं खाचर.

याचा शेवट कसा होतो ते खाली चिखलीत दिसलं. याच इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले १७ मे २०२५ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला होता. नदीला तिची जागा परत मिळाली, हे चांगलंच झालं. पण त्या घरांत पैसे घातलेल्या कुटुंबांचा विचार करा. रेषा कागदावर होती. ती सातबाऱ्यासोबत, खरेदीखतासोबत माणसाच्या हातात पोचली असती तर हे पाडकाम करावंच लागलं नसतं.

आणि फक्त घरांचा प्रश्न नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. १५ जून २०२५, पुन्हा रविवारच, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. या दुर्घटनांची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती पार्किंगच्या माथी मारणं चुकीचं ठरेल. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पाण्याजवळ किती माणसं पोचणार, हे मोठ्या प्रमाणात पाण्याजवळ किती गाड्या लागणार यावर ठरतं. वाहनतळाचा आकडा हा गर्दीचाच आकडा असतो. तो ठरवताना नदीची आणि पुलाची ताकद शेजारी मांडलेली असली पाहिजे.

मग करायचं काय? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, निळ्या रेषेच्या आतलं पार्किंग कुठल्याही इमारतीच्या सक्तीच्या पार्किंगमध्ये धरू नये. दुसरी, तिथे गाड्या लावायच्याच तर उन्हाळ्या-हिवाळ्यात, मूळ जमिनीच्या पातळीवर, भराव आणि भिंत न घालता, आणि पावसाळ्यात ती जागा बंद. पावसाळ्यातल्या गाड्यांची सोय दरीच्या तोंडाशी उंच जागी व्हावी आणि पुढे बस असावी. रेल्वे तर दीडशे वर्षांपासून दारात उभी आहेच. तिसरी, उगमापासून आळंदीपर्यंत पूररेषा एकच सलग नकाशा म्हणून आखावी आणि गट नंबरासह गावच्या चावडीवर लावावी, मग हद्द नगरपरिषदेची असो की प्राधिकरणाची.

हे बोलायची वेळही आत्ताचीच आहे. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये आला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनानं तो रद्द केला. आता पुढचा आराखडा येईल तेव्हा कायद्यानं हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत बहुतेक लोक एकच गोष्ट बघतात, आपल्या जमिनीवर आरक्षण पडलंय का. ते बघाच. पण त्याच नकाशावर नदीकाठी जिथे जिथे वाहनतळ लिहिलेलं असेल, तिथे बोट ठेवून एक प्रश्न विचारा : जुलैच्या रविवारी इथे काय उभं असणार, पाणी की गाडी? दोन्ही उभी राहू शकत नाहीत. हा प्रश्न लेखी विचारला गेला, तर त्याचं उत्तरही कुणाला तरी लेखी द्यावं लागेल.

आज इथे थांबू.