डबा भरलेला होता, पाणी नव्हतं

आजचा विषय आहे प्रवासातलं साधं खाणं. गाडीच्या डिकीत छोटा गॅस, एक पातेलं, मॅगीची पाकिटं आणि कुठल्यातरी घाटात थांबून केलेला चहा. असे व्हिडिओ तुम्हीही बघत असाल. मलाही आवडतात. पण ते बघताना मी एक गोष्ट हमखास शोधतो: या लोकांनी पाणी कुठून आणलं?

कारण आपल्याकडच्या प्रवासातल्या जेवणाचा सगळा इतिहास पाण्याभोवती फिरतो.

बैलगाडीचे दिवस आठवा. म्हणजे आपण पाहिलेले नाहीत, आजी-आजोबांकडून ऐकलेले. गाडी दिवसभर चालायची आणि मुक्काम पडायचा तो नदी, ओढा किंवा विहीर बघूनच. बैलांना पाणी हवं, माणसांनाही हवं. तीन दगड मांडले की चूल, वाटेत वेचलेल्या काटक्या आणि गोवऱ्या हे सरपण. पिठलं-भाकरी किंवा खिचडी, बस्स.

आणि चूल मांडायची नसेल तर शिदोरी. भाकरी, ठेचा, कांदा, धपाटे, दशम्या. आता दशमी बघा. तिचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती मऊ राहते, हे तर आहेच. पण दुसरं कारण सोवळ्याओवळ्याचं होतं. पाण्यात शिजवलेलं अन्न लवकर विटाळतं आणि दुधातलं प्रवासात चालतं, असा नियम मानला जायचा. म्हणजे ज्या पदार्थाला आपण आज कौतुकाने ‘ट्रॅव्हल फूड’ म्हणू, त्याच्या रेसिपीतच जात बसलेली आहे.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. डब्यात चूल पेटवता येत नाही, त्यामुळे घरून आणलेल्या शिदोरीचं महत्त्व वाढलं. एकाच बाकावर वेगवेगळ्या जातींची माणसं बसू लागली, आणि आता सगळं बदलेल असं अनेकांना वाटलं. पण स्टेशनवर पाणी मात्र वेगळंच राहिलं. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या फलाटावर पुढे कित्येक दशकं ऐकू येत होत्या.

आता मी तुम्हाला १९०१ सालात नेतो. साताऱ्याहून चार मुलं एकटीच प्रवासाला निघाली. त्यातल्या एकाचं वय होतं साधारण नऊ, नाव भीमराव. हो, तेच. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते आणि सुट्टीत मुलं त्यांना भेटायला चालली होती. नवे कपडे, आगगाडीचा पहिलाच प्रवास, सोबत भरपूर खाणं. मसूर स्टेशनला उतरली, पण न्यायला कुणीच आलं नव्हतं. त्यांची जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. अट अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार!

संध्याकाळी वाटेत जेवायला थांबले. गाडीवान जवळच्या गावात जेवून आला. मुलांनी डबा उघडला. समोर नदी होती, पण जवळपास आटलेली, आणि जे पाणी होतं ते चिखलाचं, गुरांच्या शेणामुताने घाण झालेलं. डबा तसाच बंद झाला. मध्यरात्री टोलनाक्यावर पोचल्यावर भीमरावांनी उर्दूत बोलून, आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. चार मुलं भरलेल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी हे सगळं पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवलं. मला त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. तिथे अन्न कमी नव्हतं, पैसे होते, वाहनही मिळालं. पण कोरडं अन्न घशाखाली उतरायला जे लागतं, ते दुसऱ्याच्या हातात होतं.

म्हणून २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी प्यायलं गेलं, तेव्हा तो प्रश्न फक्त महाडचा नव्हता. मसूरच्या रस्त्यावरचाही होता, असं मी म्हणेन.

आणि एक काम करा. मोबाईलवर आपल्या संविधानाचं कलम १५ उघडा, त्यातला दुसरा भाग वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते. ही यादी एकत्र का आहे, असा प्रश्न पडू शकतो. पण प्रवासाला निघालेल्या माणसाच्या नजरेने वाचली की लगेच कळतं. चालायला रस्ता, टेकायला जागा, खायला अन्न, प्यायला पाणी. एक जरी नाकारलं तरी प्रवास अडतो.

आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड कामगारांची कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठ-मीठ, तवा, हंडे घेऊन निघतात. त्यांचंही जेवण साधंच असतं, पण ते हौसेचं नसतं. पुढच्या ट्रिपला धाब्यावर न मागता समोर पाण्याचा जग येईल ना, तेव्हा एक घोट घेताना हे जरूर आठवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या घरची प्रवासातली शिदोरी कोणती, ते आजीला विचारून ठेवा. आणि हो, पाणी कुठून आणायचे, हेही विचारा.