डोळ्याला बसलेला मुका मार

१५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीकडे पहिली आगगाडी निघाली आणि नदीच्या पश्चिम तीरावरील त्या गावाचे भवितव्य लोखंडाशी बांधले गेले. तागाच्या गिरण्या, ओतशाळा, गोद्या आणि बेलिलियस रस्त्याच्या आसपासचे लेथवाल्यांचे लहान कारखाने यांमुळे लोक हावड्याला पूर्वेकडील शेफील्ड म्हणू लागले. जेथे घण आणि छिन्नी चालते, तेथे डोळ्याला धोका असायचाच. लोखंडाचा कण बुबुळात रुतला तर जखम दिसते, धावाधाव होते. परंतु यंत्राचा सुटलेला पट्टा किंवा उडालेला लाकडी ठोकळा डोळ्यावर आदळला, तर पुष्कळदा बाहेरून केवळ सूज आणि काळेनिळे वर्तुळ दिसते. नेत्रगोल अखंड असतो. मराठीत यास मुका मार म्हणतात, आणि डोळ्याच्या बाबतीत हा शब्द विलक्षण समर्पक आहे.

हा मार बोलका झाला तो १८५१ साली, हेल्महोल्ट्झच्या नेत्रदर्शकामुळे. त्यापूर्वी जिवंत डोळ्याचा अंतर्भाग नीट पाहण्याचे साधनच नव्हते. १८७३ साली बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने (हे गावाचे नव्हे, माणसाचे नाव) मार लागलेल्या दृष्टिपटलावर पांढुरकी छटा येते, हे नोंदविले. ही छटा बहुधा काही दिवसांत ओसरते. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूखालचा पडदा फाटला, तर मात्र गेलेली दृष्टी सहसा परतत नाही.

हावड्याच्या जखमी कामगाराला कलकत्त्याचे वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे तर नदी ओलांडावी लागे. महाविद्यालय १८३५ चे, तरंगता पूल १८७४ चा. त्याआधी सारी भिस्त होडीवर. बाहुलीपुढे रक्त साकळले, की दोन्ही डोळे बांधून रोग्यास निश्चल निजविणे हा जुन्या काळचा सर्वत्र रूढ उपचार. त्यात तथ्य होते. पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याचे भय असते आणि डोळ्यातील दाब वाढला तर दृष्टीची नस करपते. पण रोजंदारीवरच्या माणसाने आठवडाभर निजून खावे काय, याचे उत्तर वैद्यकग्रंथांत कोठून मिळणार?

निखळलेल्या दृष्टिपटलाचे छिद्र डागून बुजविता येते, हे लोझानच्या गोनँने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले. १९७० च्या सुमारास माखेमरने डोळ्यातील रक्ताळलेला काचद्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. दुखावलेल्या दृष्टीच्या नसेपुढे मात्र शास्त्राचे हात तोकडेच पडले; १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत औषधाचा वा शस्त्रक्रियेचा निश्चित लाभ दिसला नाही.

कायद्याने आपल्या परीने मोजमाप केले. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात पुढे एक डोळा गमावल्यास कमाईच्या क्षमतेत ४० टक्के घट धरली गेली, तर डोळा शाबूत राहून केवळ त्याची दृष्टी गेल्यास ३०. मुक्या माराला एवढ्याने न्याय मिळतो काय? बाहुलीभोवतीचा पडदा आणि पारपटल यांमधील कोपरा मारामुळे मागे फाटला असेल, तर काचबिंदू कधी दहा-वीस वर्षांनीही उद्भवतो. तोवर कामगाराला तो ठोकळाही आठवत नसतो आणि भरपाईचे प्रकरण केव्हाच दप्तरी दाखल झालेले असते.