जुन्या संगणकाची निगा

सिंहगडच्या वाटेवरील धायरी हे गाव पूर्वी धारेश्वराच्या देवळामुळे पुणेकरांस ठाऊक होते. २०१७ साली ते पुणे महानगरपालिकेत दाखल झाले. परंतु शेते मोडून तेथे सोसायट्या उठू लागल्या त्या त्यापूर्वीच, व त्यांच्या शेजारी लहानमोठे कारखानेही. बांधकामाची धूळ तेथे बाराही महिने मुक्कामाला असते. अशा सोसायटीतील बैठकीच्या खोलीत, झालरीच्या आच्छादनाखाली, एखादा जुना संगणक बहुधा आढळतोच. मुलांच्या शिक्षणासाठी तो घेतलेला असतो. मुले परगावी गेली, यंत्र घरी राहिले. आता वीजबिल, बँकेचे व्यवहार व नातवंडांचे दर्शन यांसाठी वडीलधारी मंडळी त्यावर अवलंबून आहेत. तो मंद झाला आहे. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित सेवा तिच्या निर्मात्यांनी थांबविल्यापासून ‘हे टाकून द्या व नवे घ्या’ असा सल्लाही घरोघर ऐकू येतो.

हा सल्ला मानण्यापूर्वी संगणकाच्या निगेचा पूर्वेतिहास पाहिलेला बरा. निगेची प्रत्येक रीत यंत्राच्या कोणत्या ना कोणत्या दोषापोटी जन्मास आली. पुढे दोष गेला. रीत मात्र घरात राहून गेली, असे पुष्कळदा घडले आहे.

आरंभीचे शत्रू दोन, उष्णता व कीटक. आणि ‘कीटक’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या गणनयंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. चालकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेविला. यंत्रातील बिघाडास ‘किडा’ म्हणण्याचा प्रघात तेथील कारागिरांत त्याआधीच होता. खरा किडा हाती लागल्यामुळे मंडळींस मौज वाटली इतकेच. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली चालू झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. नळी म्हणजे जवळजवळ विजेचा दिवाच. ती तापावयाची व केव्हा ना केव्हा जावयाचीच. म्हणून यंत्रापाशी जाणती माणसे सदैव ठेवावी लागत, आणि निगा हा त्यांचा पूर्ण वेळेचा धंदा होता.

संगणक घरात आला आणि हा धंदा गृहस्थाच्या अंगावर पडला. माऊसच्या पोटातील रबरी गोळी काढून तिच्या रुळांवरील मळ नखाने खरवडणे, ज्या फ्लॉपीवर पावसाळ्यात बुरशी धरे ती कोरड्या जागी ठेवणे, ही कामे पुष्कळांस आठवत असतील.

याच काळात पुण्यात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट घडली. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे श्री. कैलास काटकर हे दहावीपर्यंत शिकून गणकयंत्रे दुरुस्त करण्याच्या कामास लागले, व पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढिले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांपैकी कित्येकांत मोडलेले असे काहीच नसे. त्यांस व्हायरसची बाधा झालेली असे. फ्लॉपीवाटे पसरणारा ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी रचला होता. पुण्यास त्यावर उतारा काढणारेही भाऊच निघाले. कैलासरावांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या, व १९९५ साली ‘क्विक हील’ हे नाव बाजारात आले. २००७ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले आणि २०१६ साली तिचे समभाग शेअरबाजारात आले. पुण्यातील संगणकविद्येचे श्रेय विद्यापीठास व १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकसारख्या संस्थांस दिले जाते, ते यथार्थच आहे. तथापि काही वाटा दुरुस्तीच्या टेबलाकडेही गेला पाहिजे.

आता ज्या रीतीने नकळत हानी होते तिच्याकडे वळू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते व तिच्यावरील सुई माहितीचे तुकडे वेचते. तुकडे विखुरले की सुईची धावपळ वाढते व यंत्र मंदावते. यासाठी १९९३ साली एम.एस.-डॉसच्या सहाव्या आवृत्तीबरोबर ते तुकडे सलग लावणारे साधन देण्यात आले. त्यास ‘डिफ्रॅग’ म्हणत. रविवारी दुपारी ते लावून पडद्यावरचे रंगीत चौकोन सरकताना पाहणे हा काही घरांत एक कुलाचारच होऊन बसला. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून प्रणाली हे काम ठराविक वेळी आपणहून करू लागली, आणि एस.एस.डी. या नव्या साठवणीत तर फिरणारे असे काही उरलेच नाही. तिच्यातील प्रत्येक पेशी ठराविक वेळाच लिहिता येते. तेथे डिफ्रॅग करणे म्हणजे तिचे आयुष्य फुकट खर्चणे होय.

उलट जे दोष कायम आहेत त्यांची निगा मात्र सुटली आहे. धूळ ही त्यांत पहिली. ती पंख्यावर व उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांत साचते. यंत्र तापते, आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करते. मंदपणाचे एक कारण हे आहे, व त्यावरील उपाय मऊ कुंचल्याचा आहे. वीज बंद करून, तार काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून धूळ झाडावी. ओले फडके लावू नये. विजेच्या पेटीस मात्र हात घालू नये, तिच्यात वीजभार साठून राहतो. यंत्र सुरूच होत नसेल तर मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसण्याची कारागिरांची युक्ती बरेच वेळा कामास येते. घड्याळ मागे पडून बँकेचे संकेतस्थळ उघडेनासे झाले तर मुख्य पाटीवरील तीन व्होल्टचा बटणसेल बदलावा. त्यास फारसा खर्च येत नाही. यापायी संगणक भंगारात देणे हे शुद्ध अज्ञान होय.

एवढ्यानेही भागले नाही तर प्रथम छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, व फिरत्या चकतीच्या जागी एस.एस.डी. बसवावी. दहा वर्षांच्या यंत्रास याने जी चपळाई येते ती दुसऱ्या कशाने क्वचितच येत असेल. राहिला प्रणालीचा प्रश्न. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नसते. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी मोफत प्रणाली बसविता येते. ज्यांस हे जमणार नाही त्यांनी सेवा संपलेल्या यंत्रावरून पैशाचे व्यवहार करू नयेत. लेखनास व जुनी गाणी ऐकण्यास ते खुशाल वापरावे.

दसऱ्यास घरोघर संगणकाची पूजा होते. हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ पडते, आणि कुंकवाचे कण झरोक्यातून थेट पंख्यावर जातात. धायरीसारख्या ठिकाणी खंडेनवमीच्या सकाळी यंत्राचे झाकण उघडून वर्षाची धूळ झाडावी, झरोका कागदाने झाकावा, मग पूजेस बसावे. पावसाळ्याची ओलही तोवर ओसरलेली असते.