समुद्र वगळून केलेला नकाशा

लंडनच्या ड्रुरी लेनजवळ रसेल कोर्ट नावाच्या गल्लीत १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी हा तरुण नकाशे विकत असे. राजाचे भूगोलतज्ज्ञ टॉमस जेफ्रीज यांच्या हाताखाली तो शिकला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला नकाशा कागदावर छापायचा, हाताने रंगवायचा, महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवायचा आणि बारीक पात्याच्या करवतीने देशांच्या सरहद्दींवरून कापायचा, असा त्याचा धंदा. १७६३ च्या एका व्यवसायसूचीत तर त्याचा उल्लेखच भूगोल शिकवणे सोपे व्हावे म्हणून लाकडावर नकाशे कापणारा असा आहे. संपूर्ण जग, चार खंड, इंग्लंड व वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड असे आठ नकाशे तो विकत असे. १७६९ मध्ये, तिशीच्या आसपासच तो वारला.

आपली मुले पावसाळी शनिवारी गालिच्यावर पसरून बसतात त्या जिगसॉचा जनक म्हणून त्याचे नाव घेतात. हा मान पूर्णपणे त्याचा नाही. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम द बोमाँ ('ब्यूटी अँड द बीस्ट' ची गोष्ट प्रसिद्ध केली त्याच या बाई) त्याच्याही आधी लाकडी नकाशे वापरत होत्या, असे पुरावे पुढे आले आहेत. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच यांचे अशा नकाशांचे महोगनी कपाट तर आजही जपून ठेवलेले आहे. जिगसॉ हे नाव मात्र फार उशिराचे, त्या काळी 'कापलेले नकाशे' एवढेच म्हणत.

मला सर्वात बोलकी वाटते ती त्याची किंमतवारी. स्पिल्सबरीकडे स्वस्तातला एक प्रकार मिळे, तो म्हणजे समुद्र वगळलेला. पाण्याचे तुकडे गाळले की लाकूड वाचते, पेटी लहान होते. हिशेब सरळ आहे. पण गंमत अशी की ती महोगनीच मुळात समुद्रापलीकडून, जमेका आणि त्या भागातल्या जंगलांतून आलेली. ती तोडणारे बहुतेक गुलाम होते आणि त्यांनाही आफ्रिकेतून समुद्रावरूनच आणलेले. मुलाच्या हातात येणाऱ्या नकाशावर यातले काही दिसत नसे. दिसत ती फक्त राज्ये आणि त्यांच्या कडा.

'मॅन्सफिल्ड पार्क' (१८१४) या जेन ऑस्टेनच्या कादंबरीत पोर्ट्समथहून श्रीमंत मावशीकडे राहायला आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही, म्हणून मावसबहिणी तिला हसतात. त्यांच्या वडिलांची मिळकत मात्र अँटिग्वा बेटावर! शाळेत नवीन आलेल्या आपल्या मुलांना हे हसणे समजावून सांगावे लागत नाही.

याच सुमारास तंजावरला सरफोजीराजे भोसले जगाचा भूगोल मराठीत आणत होते, तोही नाटकातून. त्यांचे 'देवेंद्र कुरवंजी' हे त्या दक्षिणी नाट्यप्रकारातले मराठी नाटक भूगोल सांगते. मुलांना भूगोल खेळातून शिकवण्याची कल्पना काही एकट्या इंग्रजांची नव्हती.

हे सारे आत्ता आठवण्याचे कारण, आपल्या मंडळाच्या भिंतीवर जगाचा लाकडी नकाशा लावायचे घाटते आहे. सध्या मिळणारे शोभेचे नकाशे बहुधा बर्चच्या प्लायवुडचे असतात. लेसरने कापलेले खंड, गडदफिकट रंग दिलेले दोन-तीन थर, मागे दुहेरी चिकटपट्टी. (कडांची तपकिरी रेघ ही रंगाची नसते. लेसरच्या उष्णतेने लाकूड तिथे जळून कोळसा होते. आवडत नसेल तर बारीक पॉलिश कागद मारावा.) प्लायवुड घेणे शहाणपणाचे, कारण आडव्या-उभ्या थरांमुळे इथल्या दमट हवेत ते साध्या फळीइतके फुगत नाही.

पण या नकाशांतही समुद्र नाही! भिंत म्हणजेच समुद्र. स्पिल्सबरीच्या स्वस्त पेटीसारखेच. आपल्यातली ज्येष्ठ मंडळी बॅलार्ड पिअरवरून बोटीत बसली, एडन आणि सुएझ पाहून दोन-तीन आठवड्यांनी टिलबरीला उतरली. सुएझ १९६७ पासून १९७५ पर्यंत बंद होता, तेव्हा बोटींना आफ्रिकेला वळसा पडे. त्यांच्या दृष्टीने नकाशातला अर्धा मजकूर पाण्यावरच आहे. मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर तो लिहायचा कुठे?

म्हणून माझी सूचना अशी, की आधी निळ्या रंगाची पूर्ण पाठफळी करावी, खंड तिच्यावर बसवावेत आणि बोटींचे मार्ग पितळी खिळे व दोऱ्याने दाखवावेत. खर्च वाढेल, वजनही वाढेल. भिंत पोकळ असेल तर चिकटपट्टी चालणार नाही, स्क्रूच हवेत. ज्यांच्याकडे जुनी बोटीची तिकिटे, जेवणाची कार्डे किंवा डेकवरचे फोटो असतील त्यांनी पुढच्या बैठकीला जरूर आणावेत. बंदरांची नावे आणि तारखा त्यांवरूनच घेऊ.